काठ राखा, मग नदी खोल करा

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव जिल्ह्यातील परंडा, भूम, कळंब या तालुक्यांनी जे भोगले, ते पाहिल्यावर नदी-ओढे मोकळे करा, या मागणीला कोणी नाही म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पण खोलीकरण-रुंदीकरणाच्या नावाखाली पोकलेन उतरतो, तेव्हा गाळाबरोबर काठावरची करंज, उंबर, जांभूळ, निर्गुडीही जाते. पुराच्या भीतीपोटी ही झाडी तोडणे म्हणजे पुढच्या पुराला वाट करून देणे आहे, असे माझे ठाम मत आहे.

या पुराने पिकांबरोबर जमीनही नेली. काळी माती वाहून गेली की खाली मुरूम उघडा पडतो आणि त्यावर पुन्हा माती चढवल्याशिवाय पेरणी होत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून ३ लाख रुपयांपर्यंतची कामे जाहीर केली, यावरूनच मातीचे मोल कळते. ही माती काठाशी धरून ठेवतात ती झाडांची मुळे. पोकलेनने उभा कापलेला काठ नुसत्या मातीचा असतो. पहिल्या मोठ्या लोंढ्यात तो पायथ्यातून पोखरला जातो आणि शेताच्या बांधासह कोसळतो. तोच गाळ खालच्या बंधाऱ्यात साचतो आणि काही वर्षांत पुन्हा खोलीकरणाची निविदा निघते. इंग्लंडमधील पिकरिंग गावाने तर वरच्या अंगाला झाडे लावली, ओहोळांत ओंडके आडवे टाकले आणि पाणी साठवणारा बांधही घातला. या सर्वांमुळे डिसेंबर २०१५ च्या पावसात पुराचा जोर कमी झाल्याचे तिथल्या तपासणीत दिसले.

यावर आक्षेप आहेत, आणि ते खोटे नाहीत. उन्मळलेली झाडे नळकांडी पुलांना आणि कोल्हापुरी बंधाऱ्यांना अडकतात, पाणी शेतात घुसते. म्हणून पात्रातली, पुलाजवळची आणि पडायला आलेली झाडे जरूर काढावीत. बंधाऱ्याचे बर्गेही पावसाळ्यापूर्वी काढावेत. वेडी बाभूळ परकी आहे, पात्र व्यापते. तीही काढावी, पण नुसती छाटल्यास ती आणखी दाट फुटते, म्हणून मुळासकट काढून जागेवर देशी झाडे लावावीत आणि काम टप्प्याटप्प्याने करावे. सीना नदीला वरून धरणांचे पाणी येते, तिथे झाडे काय करणार, असेही विचारले जाते. एवढा पूर झाडे थोपवू शकत नाहीत, हे मान्यच. पण पूर ओसरल्यावर शेत जागेवर राहील की नाही, हे काठच ठरवतो.

जिल्ह्याचे वनाच्छादन एक टक्क्याहूनही कमी आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीचे उद्दिष्ट ३३ टक्क्यांचे. ज्या जिल्ह्यात जंगल जवळपास नाही, तिथे ओढ्याकाठची झाडी हीच वनराई. ती अंदाजाने कापली जाऊ नये. काम सुरू होण्याआधी ग्रामसभेत नकाशा मांडावा, कोणते झाड जाणार आणि कोणते राहणार हे गावासमोर खुणा करून ठरवावे, १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यात येणाऱ्या झाडांची परवानगी तपासावी, आणि कंत्राटातच काठाला उतार देऊन फेरलागवड करण्याची अट घालावी. तुमच्या गावात यंत्र येईल तेव्हा हे मुद्दे ठरावात लिहून घ्या. कापलेले करंज पुन्हा काठ धरेपर्यंत अनेक पावसाळे जातात.