पंगतीपुरती फुलं

चि. मुग्धा हिस,
अनेक आशीर्वाद.

दसऱ्याला सासरची सगळी मंडळी तुझ्याकडे जेवायला येणार, हे वाचून बरं वाटलं. डेकोरेटरने दिलेला फोटोही पाहिला. जरबेरा, कार्नेशन, मधोमध स्पंजात खोचलेली ऑर्किड. देखणं आहे, पण कुठल्याही महिन्यातलं आणि कुठल्याही हॉटेलातलं. त्याला सरळ नाही म्हण. दसरा मुळात शेताचा सण. त्या आठवड्यात शेतात जे उभं असतं तेच दारात यावं, असं माझं मत, आणि आत्याला एवढा हट्ट शोभतो.

यंदा पंचांगही तुझ्या बाजूने आहे. अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दसरा २० ऑक्टोबरला पडतोय. गेल्या वर्षी तो २ ऑक्टोबरलाच होता. त्याआधी सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूरकडे पावसाने उभी पिकं नेली. सण असा पुढे सरकला की शेवंतीचं फावतं. रात्र मोठी होऊ लागल्याशिवाय ती कळी धरत नाही. म्हणून तर फुलं लांबवायची असली की शेडनेटवाले रात्री शेवंतीवर दिवे लावून तिला फसवतात. तेव्हा पांढरी आणि पिवळी शेवंती भरपूर घे.

झेंडू तर हवाच. आपण त्याला इतका आपला मानतो, पण त्याचं मूळ मेक्सिकोत आहे. तिकडे १ आणि २ नोव्हेंबरला गेलेल्या माणसांसाठी जेवण मांडतात आणि त्याभोवती झेंडूच्या राशी घालतात. त्या उग्र वासाच्या मागावर पितर घरी येतात, अशी त्यांची श्रद्धा. आपला पितृपक्ष दसऱ्याच्या जरा आधी संपतो आणि मग तेच फूल जिवंत माणसांच्या पंगतीला येतं. मला ही गोष्ट फार आवडते.

घेताना मात्र डोळे उघडे ठेव. भिजलेला झेंडू वजनाला जास्त भरतो आणि दुसऱ्या दिवशी देठाशी काळा पडतो. ओला मिळालाच तर घरी आल्याबरोबर वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली टाक. पिशवीत बांधून ठेवू नकोस.

दारासाठी नुसतं आंब्याची पानं आणि झेंडू असं तोरण करू नकोस. आपल्याकडे कोकणात त्यात भाताच्या लोंब्या, जमल्यास नाचणीचं कणीस आणि कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे असायचे. काही घरं हे ‘नवं’ दसऱ्याला बांधतात, काही कोजागरीला. कुर्डू म्हणजे शेताच्या बांधावरचं तण. पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते. शहापूर-मुरबाडकडच्या बायका दसऱ्याच्या आदल्या दिवशी ठाण्या-दादरला लोंब्या, आपटा घेऊन बसतात. त्यांच्याकडून घे, आणि घासाघीस करू नकोस. आपटा घेताना पान नीट बघ. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं. मोठं, पातळ पान हाती पडलं तर ते बहुधा कांचनाचं.

आता पंगत. इथेच लोक सगळं बिघडवतात. पाकळ्यांची महिरप फोटोत छान दिसते, पण वर पंखा असतो. पहिला घास घेईपर्यंत अर्ध्या पाकळ्या श्रीखंडात. त्यापेक्षा पानाभोवती रांगोळीची बारीक महिरप काढ आणि कोपऱ्याला एकेक अख्खी शेवंती ठेव. शेवंती आधी पाण्यात उलटी बुडवून झटक, आत मुंग्या लपलेल्या असतात. श्रीखंडावर झेंडूच्या पाकळ्या भुरभुरण्याची नवी टूम निघाली आहे, ती तर अजिबात नको. बाजारातलं फूल देवासाठी पिकवलेलं असतं, पोटासाठी नाही, आणि त्यावर काय फवारलंय हे आपल्याला कळत नाही.

निशिगंध मला जीव की प्राण, पण तो दिवाणखान्यात, देवापाशी. मसालेभाताच्या वाफेत तो मिसळला की दोन्ही वास वाया जातात.

सोनकी आण असं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. पठारावरची पिवळी फुलं पठारावरच शोभतात, आणि कास तर २०१२ पासून जागतिक वारशात आहे.

या सगळ्याचा खर्च तुझ्या डेकोरेटरच्या आगाऊ रकमेइतकाही होणार नाही. तोरण मी येऊन ओवीन. सुतळी आणि मोठी सुई तेवढी काढून ठेव. किती पानं होणार ते मात्र रविवारपर्यंत कळव, चक्का त्या हिशेबाने टांगायचाय.

तुझी,
आत्या