कॅबिनेटबरोबर आलेला

घरी जुळवलेल्या कॉम्प्युटरमध्ये बाकी सगळ्यांची निवड होते, याची होत नाही. प्रोसेसर कोणता घ्यायचा यावर मित्रांमध्ये आठवडाभर वाद चालतो. मदरबोर्डचा भाव चार दुकानांत विचारला जातो. ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड घ्यावं की दिवाळीपर्यंत थांबावं, यावर कॉम्प्युटरला कधी हात न लावलेले आजोबाही मत देतात. एसएमपीएसबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. पुण्याची तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बजेट ऐकल्यावर दुकानदार कोटेशनच्या तळाशी ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ असं खरडतो आणि हा गृहस्थ कॅबिनेटच्या पोटात बसून घरी येतो.

दिसायला साधाच. राखी पत्र्याचा डबा, मागे पंख्याची जाळी, पुढे रंगीत वायरींचा जुडगा. पिवळीत बारा व्होल्ट, लालमध्ये पाच, नारिंगीत ३.३. जांभळी कधी झोपत नाही. कॉम्प्युटर बंद असला तरी भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत तिच्यात पाच व्होल्ट खेळत असतात. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची एसी आत घ्यायची, तिची सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी करायची, ती सेकंदाला हजारो वेळा तोडून एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून खाली उतरवायची आणि प्रत्येकाला त्याच्या त्याच्या मापाने वाढायची, हे याचं काम. कॅबिनेटमधलं सगळं घर याच्या कमाईवर चालतं.

आता ती कमाई किती, हे याच्या अंगावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं आणि ते लग्नाच्या बायोडेटातल्या पगाराच्या आकड्यासारखं वाचावं लागतं. ठळक अक्षरांत ‘४५० वॉट’. खाली बारीक तक्ता. त्यात बारा व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर असं काही सापडतं. बारा चोक किती? १६८. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे आजच्या कॉम्प्युटरमधले दोन खादाड जवळजवळ सगळं याच रकान्यातून घेतात, म्हणजे कामाचा आकडा १६८. उरलेले वॉट पाच आणि ३.३ व्होल्टांच्या नावावर मांडलेले असतात, तिथे आता फारसं कोणी जेवायला बसत नाही. ही जुन्या काळची सवय आहे. एके काळी प्रोसेसर पाच व्होल्टच्या वायरीतून पोसला जायचा. २००० साली पेंटियम ४ आला, त्याच्यासाठी बारा व्होल्टचा चार पिनांचा वेगळा प्लग आला आणि सगळा भार पिवळ्या वायरीवर सरकला. स्वस्तातल्या एसएमपीएसला ही बातमी फार उशिरा कळली.

स्वभाव विचाराल तर भिडस्त. मला झेपत नाही, असं हा कधी म्हणत नाही. हा कमी पडला की दुसऱ्या कोणाचं तरी नाव खराब होतं. निळा स्क्रीन आला की रॅमवर आळ. हार्ड डिस्क टकटक करून गप्प झाली की डिस्क गेली. स्क्रीनवर रंगीत ठिपके नाचले की सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड विकणाऱ्याचा उद्धार. पेनड्राइव्ह आपोआप निघाला की मदरबोर्ड म्हातारा झाला. या तक्रारी कधी कधी खऱ्याही असतात, नाही असं नाही. पण चौघे एकाच महिन्यात आजारी पडले तर डॉक्टर आधी घरातलं पाणी तपासतो.

माझ्या पुतण्याचं मशीन गेम उघडला की रीस्टार्ट व्हायचं. एरवी पिक्चर बघा, अभ्यास करा, काही कुरकुर नाही. दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगितलं, “रॅम काढून खोडरबराने घासा.” घासली. सोनेरी दात चकचकीत झाले, मशीन पुन्हा तसंच. मग निकाल आला की रॅम बदला.

“काका, नवी रॅम घेऊ का? पैसे जमलेत,” पुतण्या म्हणाला.

“पैसे खिशात ठेव. आधी विंडोजच्या नोंदवहीत काय लिहिलंय ते बघ.”

तिथे रांगेने ‘कर्नल-पॉवर ४१’. त्याला वाटलं, चोर सापडला, नावातच पॉवर आहे. तसं नसतं. ती नोंद एवढंच सांगते की मशीन रीतसर बंद न होता अचानक गेलं. का गेलं ते तिला ठाऊक नसतं. भिंतीतला प्लग उपटला तरी हीच नोंद पडते.

म्हणून मीटर काढला. दोन-तीनशे रुपयांत मिळणारा पिवळा डिजिटल मीटर, डायल डीसी वीसवर. हार्ड डिस्कचा जुन्या धाटणीचा चार पिनांचा एक प्लग मोकळा लोंबत होता, त्यातल्या काळ्यात काळी पिन आणि पिवळ्यात लाल. नुसता डेस्कटॉप असताना ११.९. चांगलं. गेम उघडला. ११.५, ११.३, आणि ११.१ वर आकडा रेंगाळला, तोच पडदा काळा. नियमाप्रमाणे या वायरीला पाच टक्के इकडेतिकडे व्हायची मुभा आहे, म्हणजे ११.४ ते १२.६. मीटर मंद असतो, सरासरी दाखवतो; क्षणभराचे खड्डे त्याहून खोल असतात आणि ते त्याला दिसतच नाहीत. रॅम निर्दोष सुटली.

हीच परीक्षा बहुतेक जण चुकीच्या वेळी घेतात. चोवीस पिनांच्या प्लगमधली हिरवी आणि शेजारची काळी वायर पेपरक्लिपने जोडायची, पंखा फिरला की “चालू आहे की!” असं म्हणून याला प्रमाणपत्र द्यायचं. पंखा फिरवायला कितीशी ताकद लागते? पेपरक्लिप फक्त हा मेलेला नाही एवढं सांगते. अंगावर ओझं असताना तो किती टिकतो, ते ओझं टाकूनच कळतं.

आणि हा खोटंही बोलतो. त्या जुडग्यात एक राखाडी वायर असते. भल्या एसएमपीएसमध्ये ती म्हणजे शब्द देणं: माझे सगळे व्होल्ट स्थिर झाले, आता सुरू व्हा. बटण दाबल्यावर सेकंदाचा काही अंश तो थांबतो, स्वतःची नाडी बघतो, मग राखाडीतून होकार देतो. त्या होकाराशिवाय मदरबोर्ड प्रोसेसरला उठवत नाही. पुढे व्होल्ट घसरले तर होकार मागेही घेतला जातो. काही अगदी स्वस्त डब्यांमध्ये ही सगळी तपासणी वाचवून राखाडी सरळ पाच व्होल्टलाच बांधलेली असते. म्हणजे काय वाटेल ते झालं तरी उत्तर एकच, सगळं ठीक आहे. मदरबोर्ड बिचारा त्या भरवशावर कामाला लागतो.

वय झालं की याची सकाळ वाईट जाते. आतले कंडेन्सर वाळायला लागलेले असतात. काहींची टोपी फुगते, काहींच्या बुडाशी तपकिरी डाग येतो. थंडीत पहिलं बटण दाबलं की पंखा एकदा थरथरतो आणि थांबतो. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या-चौथ्यांदा अंग तापतं आणि मग दिवसभर तक्रार नाही. अशा वेळी घरातले लोक एक उपाय शोधून काढतात, कॉम्प्युटर बंदच करायचा नाही. त्याने महिना-दोन महिने निघतात, दुखणं तिथेच राहतं.

काही आरोप मात्र याच्यावर उगाच येतात. जुन्या घरांत, वाड्यांत, दोन भोकांच्या सॉकेटवर मशीन चालतं आणि कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात. लोक म्हणतात, एसएमपीएस लीक आहे. त्याच्या तोंडाशी गोंगाट गाळणारे बारके कंडेन्सर बसवलेले असतात, त्यांनी झिरपवलेली किंचित वीज अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत जायला हवी. वायर कुठे जातच नसेल तर ती पत्र्यावर येऊन बसते. इथे दोष घराच्या वायरिंगचा आहे आणि इलेक्ट्रिशियनला बोलवायला हवं. तसंच मागच्या लाल सरकपट्टीचं. जुन्या डब्यांवर ११५ आणि २३० अशी निवड असायची. एखादं पोर खेळता खेळता ती ११५ वर सरकवतं, बटण दाबलं की फटाका. यात त्या बापड्याचा काय गुन्हा?

पंखा किरकिरला तर मधलं स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडणारे लोक आहेत, आणि पंखा त्याने खरंच सुधारतो. पण तेवढ्यासाठी डबा उघडावा लागतो. आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये ते सव्वातीनशे व्होल्ट प्लग काढल्यावरही दबा धरून राहू शकतात. रॅम पुसायचं धाडस आणि हे धाडस एक नव्हे. हे ज्याचं रोजचं काम आहे त्याच्याकडेच द्यावं, आणि तोही डबा स्वस्तातला असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका म्हणून सांगतो.

शेवटची गोष्ट मरणाची. चांगला एसएमपीएस व्होल्ट हाताबाहेर गेले की स्वतःला बंद करून घेतो, वेळ पडली तर एकटा जातो. हलका जाताना सोबत घेऊन जातो. मदरबोर्ड, डिस्क, डिस्कमधले लग्नाचे फोटो. दुकानदार मंडळी हातात घेऊन वजन बघतात ते उगाच नाही, हलक्या डब्यात बहुधा वेळेवर बंद करणाऱ्या या राखणदार भागांनाच काट मारलेली असते.

तेव्हा मशीन तुमचंही असं मध्येच जात असेल, रॅम घासून झाली असेल, प्लग दाबून झाले असतील, तर नवी रॅम आणायला निघू नका. शेजारच्याकडून, मित्राकडून एक बरा एसएमपीएस दोन दिवस मागून आणा आणि तो लावून बघा. मशीन चाललं, तर कॅबिनेटबरोबर आलेल्याला रजा द्या आणि नवा घेताना स्टिकरवरचा ठळक आकडा सोडून बारा व्होल्टचा रकाना वाचा.