नंबर प्लेटवरचा दिवा कोणासाठी?

माझी गाडी २००९ सालची. तिच्या मागच्या नंबर प्लेटवरचा दिवा बंद पडला आहे, हे मला एका तरुण कार्यकर्त्याने सांगितले. बैठकीहून रात्री परतताना तो मोटारसायकलवर माझ्या मागे होता. "दादा, तुमच्या गाडीचा नंबर अंधारात आहे," तो म्हणाला. मी बरं म्हणालो आणि विसरलो. हेडलाइट गेला असता तर दुसऱ्याच दिवशी मिस्त्री गाठला असता. हा दिवा नसल्याने माझे काहीच अडत नव्हते. असाच महिना गेला.

मग कामानिमित्त एका ताईंच्या घरी अर्ज भरायला गेलो. त्यांचा नवरा रात्री कामावरून हायवेच्या कडेने पायी येत होता. मागून आलेल्या गाडीने उडवले, गाडी थांबली नाही. पोलिसांच्या कागदात "अज्ञात वाहन" एवढेच. सोबत त्यांचा दीर होता. मी नेहमीचा प्रश्न विचारला, नंबर दिसला होता का? तो म्हणाला, "लाल दिवे दिसले, सर. लांबपर्यंत दिसत होते. नंबर काळाच होता."

माझी गाडी त्यांच्याच दारात उभी होती. तिचाही नंबर काळाच होता.

"अज्ञात वाहन" या दोन शब्दांची किंमत काय असते, हे समजून घेतले पाहिजे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेनुसार अशा धडकेत मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात, गंभीर जखमीला ५० हजार. त्याआधी हीच रक्कम २५ हजार आणि १२ हजार ५०० होती. पण गाडी सापडली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येते. तिथे मृताचे वय, त्याची कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे यांचा हिशेब होतो. कमावता तरुण माणूस गेला असेल, तर भरपाई २ लाखांच्या कितीतरी पुढे जाऊ शकते. म्हणजे त्या रात्री नंबर वाचता आला की नाही, यावर एका विधवेची आणि तिच्या लेकरांची पुढची वर्षे अवलंबून असतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये म्हणूनच लिहिले आहे की मागचा नंबर १५ मीटरवरून वाचता येईल असा उजेड त्यावर हवा. १५ मीटर म्हणजे साधारण वीस पावले.

दुसऱ्या दिवशी पाच वॅटचा बल्ब आणला आणि स्वतःच बसवला. पेटला नाही. मग बॅटरीवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी पार्किंग लाइट लावायला सांगितला. मागचे दोन्ही लाल दिवे पेटले. "फ्यूज चांगला आहे," चाचा म्हणाले. माझ्या गाडीत हे दिवे एकाच फ्यूजवर आहेत. होल्डरच्या पत्र्यांवर हिरवट गंज चढला होता. तो पॉलिश पेपरने घासला. तरी अंधारच. टेस्ट लॅम्प लावून पाहिला, होल्डरपर्यंत करंटच येत नव्हता.

मग त्यांनी डिक्कीच्या दारापाशी बॉडीतून दारात जाणारी रबरी नळी सोडवली. आत वायरींचा जुडगा होता. दार उघडताना आणि लावताना दर वेळी त्या तिथेच वाकतात. एक वायर वरून धड दिसत होती. चाचांनी हलकेच ओढली तर तुटून हातात आली. आतली तार केव्हाच गेली होती. त्यांनी मधे नवा तुकडा घातला, डाग दिला, टेप गुंडाळली आणि वायर थोडी सैल ठेवली. "ताणून बसवली तर परत तुटेल, सर." अर्धा तास, दीडशे रुपये.

आमच्यातले काही मित्र म्हणतात, असले नियम म्हणजे पावती फाडायची निमित्ते. गरिबाची जुनी गाडी अडवायची आणि भारी गाडीला सलाम ठोकायचा. तक्रार खोटी नाही. अंमलबजावणीतला पक्षपात मीही पाहिला आहे. पण पोलीस नियम कसा वापरतो हा एक प्रश्न आणि नियम कोणासाठी आहे हा दुसरा. रात्री रस्त्याच्या कडेने पायी चालणारा कोण असतो? रात्रपाळीचा मजूर, शेवटची एसटी चुकलेली बाई, पालावर परतणारे कुटुंब. गाडी ज्यांच्याकडे नाही, त्यांच्या बाजूचा हा नियम आहे. तो आपणच क्षुल्लक ठरवायचा का?

दुसरा युक्तिवाद असा की आता नव्या सुरक्षा नंबर प्लेट आल्या, त्या चमकतात. मग दिव्याची गरज काय? माझ्याही गाडीला ती प्लेट आहे. ती चमकते, पण मागच्या गाडीचा उजेड तिच्यावर पडला तर, आणि तो उजेड ती त्याच गाडीकडे परत पाठवते. रस्त्यावर पडलेल्या माणसाकडे हेडलाइट नसतो.

आणि नंबरचे आकडे वळवून "दादा", "मामा" लिहून घेणारे? त्यांना स्वतःची ओळख मिरवायची असते, पण जबाबदारीच्या वेळी ओळखू येणे नको असते. माझा दिवा मी मुद्दाम बंद ठेवला नव्हता, हे खरे. पण त्या दिराला त्याने काय फरक पडला असता?

तेव्हा आज रात्री एवढे करा. गाडीचा पार्किंग लाइट लावा, खाली उतरा, वीस पावले मागे जा आणि आपलाच नंबर वाचून पाहा. मी आता दर महिन्याला पाहतो. ताईंचा अर्ज तहसील कार्यालयात दिला आहे. वाहन क्रमांकाच्या रकान्यात मी आडवी रेघ ओढली.