नेट नाही, सिम नाही, तरी निरोप पोचला!

पोचला! नंदी हिल्सच्या माथ्यावरून मित्राने सोडलेला निरोप तीसेक किलोमीटरवर बंगळुरातल्या येलहंक्याच्या आमच्या गच्चीवर येऊन पोचला, आणि मधे ना मोबाइलचा टॉवर, ना वायफाय, ना सिमकार्ड! तळहातात मावेल एवढा एक लोरा बोर्ड (लोरा म्हणजे कमी ताकदीचा, लांब पल्ल्याचा रेडिओ), वीतभर अँटेना आणि जुनी पॉवर बँक, बस्स. इथल्या एस. पी. रोडच्या बाजारगल्ल्यांत घटकाभर हिंडलं की सगळी जमवाजमव होते. मी मूळचा बेळगावचा, बंगळुरात सॉफ्टवेअरची नोकरी आणि डोक्यात बिटकॉइनचं वेड. पण आजवर कुठल्याही नाण्याचा भाव वर गेला म्हणून एवढ्या जोरात ओरडलो नव्हतो!

आम्ही क्रिप्टोवाले उठताबसता एकच घोकत असतो: मधला माणूस नको. 6 एप्रिल 2018ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. 4 मार्च 2020ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. मधल्या काळात बँकेचं दार बंद होणं म्हणजे काय, हे सगळ्यांना नीट कळलं. मग सहीची गुप्त किल्ली आपली, नाण्यांचं पाकीट आपलं, असं म्हणत आम्ही खूश. पण पाकिटातून निघालेला व्यवहार जगापर्यंत जातो कशावरून? कुठल्यातरी मोबाइल कंपनीच्या टॉवरवरून! म्हणजे मधला माणूस गेलाच नव्हता, फक्त त्याने कपडे बदलले होते. हे लक्षात आलं आणि मी या रेडिओच्या नादाला लागलो.

मेशटॅस्टिक नावाची मुक्त प्रणाली आहे, 2020मध्ये सुरू झालेली. ती या बोर्डावर चढवायची, फोनला ब्लूटूथने जोडायची. मग तुमचा बोर्ड निरोप सोडतो, शेजारचा ऐकतो आणि पुन्हा सोडतो, त्याच्या पलीकडचा ऐकतो आणि तो सोडतो. वाड्यातली बातमी एका ओसरीवरून दुसऱ्या ओसरीवर जावी, तसं. बोर्डांच्या या जाळ्यालाच मेश म्हणतात. आणि यातली हुशारी बघा! ज्या बोर्डाला निरोप सर्वांत क्षीण ऐकू आला, त्याला आधी बोलायची संधी मिळते, कारण बहुधा तोच सर्वांत लांब असतो. बाकीचे त्याचं ऐकून गप्प बसतात. अशा बोर्डाबोर्डांवरून निरोप एरवी तीन उड्या मारतो, फार तर सात. एका निरोपात जेमतेम 200 बाइट. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणून मराठीत लिहिणाऱ्याला तारेसारखं मोजूनमापून लिहावं लागतं. मला तर त्याचीही गंमत वाटते.

आणि आता खरी मजा. बिटकॉइनचा साधा व्यवहार केवढा असतो? साधारण सव्वादोनशे बाइट! म्हणजे दोन-तीन तुकड्यांत तो या मेशवरून सहज जातो. आम्ही टेस्टनेटवर, म्हणजे किंमत नसलेल्या सरावाच्या नाण्यांवर, करून पाहिलं. गच्चीवर सही केली, तुकडे हवेत सोडले, मित्राच्या बोर्डाने ते जोडले आणि त्याच्या घरच्या इंटरनेटवरून पुढे ढकलले. व्यवहार टेस्टनेटच्या साखळीत, म्हणजे ब्लॉकचेनमध्ये, दिसला! किल्ली माझ्या गच्चीवरून हललीसुद्धा नाही. वाटेत कोणी ऐकलं तर ऐको, त्यातला एक आकडा बदलला तरी सही खोटी ठरते.

जगात हे आधीच घडून गेलंय. फेब्रुवारी 2019मध्ये रोडॉल्फो नोवाक यांनी टोरांटोहून सॅन फ्रान्सिस्कोतल्या इलेन ओ यांना 7 मेगाहर्ट्झच्या लघुलहरींवरून बिटकॉइन पाठवलं, तेही हौशी रेडिओच्या बँडवर. बिटकॉइनची अख्खी साखळी उतरवायला मात्र असा रेडिओ पुरत नाही, एकेक ब्लॉक मेगाबाइटच्या घरात असतो. त्यावरही तोड आहे. ब्लॉकस्ट्रीम कंपनी ऑगस्ट 2017पासून ती उपग्रहावरून खाली सोडते आहे.

या नादातून मी हॅम, म्हणजे परवाना घेतलेल्या हौशी रेडिओवाल्या, मंडळींपर्यंत पोचलो, आणि बंगळुरू काय चीज आहे ते तेव्हा कळलं! इथे बंगळुरू ॲमॅच्युअर रेडिओ क्लब आहे, हॅमचं शिक्षण देणारी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हॅम्स आहे, इस्रोवाल्यांचा स्वतःचा उपग्रह ॲमॅच्युअर रेडिओ क्लब आहे. 5 मे 2005ला पीएसएलव्हीने वर नेलेला साडेबेचाळीस किलोचा हॅमसॅट उपग्रह याच शहरात तयार झाला. त्याच्या दोन ट्रान्सपाँडरांपैकी एक भारतीय, दुसरा एका डच विद्यार्थ्याने बनवलेला. 2014पर्यंत जगभरचे हौशी त्याच्यावरून गप्पा मारत होते. आणि 4 जुलै 2025ला अंतराळवीर शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकातून इथल्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात जमलेल्या विद्यार्थ्यांशी बोलले, तेही हॅम रेडिओवरूनच!

उत्साहाच्या भरात एक गोष्ट मात्र विसरू नका. आपल्याकडे हॅमच्या बँडवर गुप्त भाषा चालत नाही आणि धंद्याचे, पैशाचे व्यवहार तर मुळीच नाहीत. हॅमचा परवाना शिकण्यासाठी आणि प्रयोगांसाठी असतो. आपली मेश चालते ती 865 ते 868 मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात. तिथे ट्रान्समीटरची ताकद 1 वॅटपर्यंत, पट्ट्याची रुंदी 200 किलोहर्ट्झपर्यंत आणि उपकरण मान्यताप्राप्त हवं. मेशटॅस्टिकची मूळ सेटिंग 250 किलोहर्ट्झची असते, ती बदलून 125ची घ्या.

म्हणून माझ्या बिटकॉइनवाल्या मित्रमैत्रिणींना कळकळीची विनंती. भाव बघणं जरा थांबवा आणि रेडिओ नीट शिकण्यासाठी हॅमची परीक्षा द्या. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही ती देता येते. रिस्ट्रिक्टेड परवान्याला मोर्स लागत नाही, जनरलसाठी मिनिटाला आठ शब्दांचा वेग पुरतो. जोडीला एक बोर्ड घ्या आणि एक शेजाऱ्याच्या गच्चीवर बसवा. एकट्याची मेश होत नाही, निदान दोघं तरी लागतातच.