जहाज आउटरला

नांदगावच्या माणसाने बोटीची तिकिटं काढावीत, हेच मुळात गमतीचं. आमच्याकडे पाणी म्हणजे नळाला येतं ते, आणि ते कधी येईल हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. शाकंबरी आणि लेंडी या आमच्या नद्या उन्हाळाभर दगडगोटे उघडे टाकून पडलेल्या असतात. 2021 च्या सप्टेंबरात मात्र त्या थेट बाजारपेठेत शिरल्या. पाणी आणि वेळापत्रक यांचं जमत नाही, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. तरी मुंबई–गोवा क्रूझ संध्याकाळी पाचला सुटणार म्हणजे पाचलाच सुटणार, असं मी धरून बसलो होतो.

नाना म्हणाले होते, "आदल्या दिवशीच मुंबई गाठू. एकावर एक गाडी पकडायची असली की मध्ये एक रात्र ठेवावी." नाना म्हणजे वडील, सगळी नोकरी रेल्वेत, पॉइंट्समन म्हणून. लॉजचे पैसे वाचवायला मी त्यांचं ऐकलं नाही.

गाडी नांदगावलाच पावणेदोन तास उशिरा आली. पुढे कल्याणच्या अलीकडे कुठेतरी उभी राहिली ती राहिलीच. मी दर दोन मिनिटांनी मोबाइल बघत होतो. नानांनी शांतपणे फडकं सोडलं, कळण्याची भाकरी काढली, तिच्यावर ठेचा ठेवला आणि समोरच्या अनोळखी पोराला अर्धी दिली. "आउटरला आहे, स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला," म्हणाले. "हात पडला की आत घेतील." जुन्या सिग्नलचा हात खाली पडला की रस्ता मोकळा. तो हात आमच्या स्टेशनावरून गेला, नानांच्या बोलण्यातून गेला नाही.

धापा टाकत बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलला पोचलो, तर धक्का रिकामा! बोटच आलेली नव्हती. मागच्या फेरीत समुद्र खवळला होता म्हणे. रांगेत एकच कल्लोळ. एक गृहस्थ गोव्याहून परतीच्या विमानाचं तिकीट नाचवत होते, जणू ते बघून बोट घाबरून येईल. नानांनी गणवेशातल्या एका मुलाला गाठलं.

"बोट कुठंय रे बाळा?"

"अँकरेजला आहे, आजोबा. पायलट चढला की आत येईल."

नानांचा चेहरा उजळला. "म्हणजे आउटरलाच की!"

मग त्या मुलाकडून त्यांनी सगळं काढून घेतलं. बंदरात शिरताना बंदराचा पायलट छोट्या लाँचने जातो, दोराच्या शिडीने वर चढतो आणि कप्तानाला वाट सांगतो. धक्का मोकळा लागतो, भरती-ओहोटी बघावी लागते. नाना मागे वळून सगळ्या रांगेला समजावू लागले. उजवा हात खांद्यातून आडवा धरून त्यांनी कोपरापाशी हळूच खाली सोडला. दोन लहान मुलं त्यांची नक्कल करू लागली.

तिथेच बसून त्यांनी मला सांगितलं की या धक्क्याला पूर्वी स्टेशन होतं. विलायतेची टपालबोट लागायची आणि तिच्यासाठी पंजाब लिमिटेड इथूनच सुटायची. आजची पंजाब मेल ती हीच. पहिली गाडी 1 जून 1912 ची. जायची आपल्याच रुळांवरून, नांदगावातून. त्याही आधी बोटीने आलेले गोरे प्रवासी वेरूळची लेणी बघायला नांदगावला उतरत आणि पुढे टांग्याने जात. 1900 च्या सुमाराला मनमाडहून औरंगाबादची गाडी सुरू झाली आणि आमचं ते वैभव गेलं. त्या टांगेवाल्यांनी किती साहेबांना ताटकळत ठेवलं असेल, या कल्पनेने मला उगाच बरं वाटलं.

बोट सुटायला रात्रीचे साडेअकरा झाले. सकाळी स्पीकरवर घोषणा झाली: हवामानामुळे गोवा रद्द. बोट समुद्रातच फिरून परत येणार. करारात बारीक अक्षरात तसं लिहिलेलंच असतं. मिळाले तर बंदराच्या शुल्काचे पैसे मिळतात. लोक चिडले. मीही चिडलो. नाना एवढंच म्हणाले, "रामदास कुणी थांबवली नव्हती." 17 जुलै 1947 ला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यांच्या लहानपणी घरात मोठी माणसं ही गोष्ट आवाज खाली करून सांगत. मी स्वागतकक्षाकडे निघालो होतो, तो परत येऊन बसलो.

दुपारभर नाना डेकवर खुर्ची टाकून बसले. चहूकडे पाणीच पाणी. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "एवढं सगळं खारटच ना?"

घरी आलो तर दाराशी दोन ड्रम काठोकाठ भरलेले, वर ताटं झाकलेली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "तुम्ही गोव्याला होता ना, त्या दिवशी नळ आला होता."