दोन पुरवठे, एक जमीन

साहित्याच्या चर्चेत विजेच्या तारांची हकिकत कशाला, असे वाचकांस वाटेल. वर्षभरापूर्वी आम्हांसही तसेच वाटले असते. परंतु या हकिकतीचा उगम एका मोडी दप्तरात आहे, म्हणून ती येथे सांगण्याचे धाडस करतो.

आमच्या घरी लाल फडक्यात बांधलेले एक दप्तर आहे. त्यात हिशेब, वाटण्या आणि काही कौटुंबिक पत्रे असून सारे मोडीत आहे. घरात मोडी वाचू शकणारी एकटी आत्या. ती वाचायची आणि आम्ही देवनागरीत उतरवून घ्यायचो. दोनशेहून अधिक पाने अशी झाली, आणि मग तिच्या डोळ्यांनी साथ सोडली. उरलेल्या पानांवर बोट फिरवून ती म्हणाली, "अक्षर दिसते रे, पण धरता येत नाही." मोडी वाचणे म्हणजे धरणेच असते. लेखनिक आधी पानभर शिरोरेघ ओढून घेतो आणि तिला अक्षरे लटकवत जातो. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. कुठे थांबायचे, हे ज्याला आशय कळतो त्यालाच कळते.

आमच्या एका विद्यार्थ्याने सुचविले की, आत्याने वाचलेली पाने संगणकाला शिकवावीत, म्हणजे उरलेली तो वाचू लागेल. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले असले, तरी हस्ताक्षर ओळखणे हे निराळे काम आहे. त्यासाठी ग्राफिक्स कार्ड लागते, आणि आमच्या घाईला एक पुरेना.

म्हणून आम्ही सीताबर्डीच्या एका गल्लीत दोन जुनी कार्डे घेतली. आभासी चलनाच्या खाणकामात राबलेल्या अशा कार्डांचा बाजार २०२२ च्या सप्टेंबरनंतर भरून गेला, कारण इथेरियमने आपली पद्धत बदलल्यावर त्यांची गरजच उरली नाही. प्रत्येक कार्ड ३५० वॅट खाणारे. दोहोंचे ७००, वर प्रोसेसर, डिस्क, पंखे मिळून २००-२५०. आमचा वीजपुरवठा, म्हणजे संगणकातली ती लोखंडी पेटी, ७५० वॅटची. शिवाय ही कार्डे क्षणभर आपल्या मर्यादेच्या खूप वर उसळतात. एकच मोठी पेटी घेणे हा सरळ मार्ग होता. पण खिसा रिकामा आणि घरी एक चांगली पेटी पडून. आम्ही दुसरी पेटी जोडायचे ठरविले.

पहिला प्रयत्न अज्ञानाचा होता. पेटीच्या चोवीस टोकांच्या जोडणीतील हिरवी तार काळीला टेकवली की पेटी सुरू होते, एवढे ऐकून आम्ही एक पिन वाकवून ते साधले. दुसरे कार्ड रायझरवर उभे केले आणि रायझरला डिस्कसाठी असलेली साटा तार लावली. कार्ड खाचेतून ७५ वॅटपर्यंत ओढू शकते; साटाची जोडणी बारा व्होल्टवर ५४ वॅटपुरतीच असते. अर्ध्या तासात जळक्या प्लास्टिकचा वास आला. बटण बंद केले तेव्हा जोडणी वितळून पिवळी पडली होती, आणि शेजारी, हातभर अंतरावर, दप्तर उघडे होते. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. आत्याचे डोळे गेले ते वयाने. दप्तर गेले असते ते आमच्या उतावीळपणाने.

मग नीट शिकलो. एका कार्डाचा रायझर आणि त्याच्या आठ टोकांच्या तारा एकाच पेटीतून घ्यायच्या. दोन पेट्यांच्या बारा व्होल्टच्या तारा एकमेकींना कधीही जोडायच्या नाहीत. त्यांत सूक्ष्म फरक असतोच, आणि एक दुसरीत शिरू पाहते. पिनेऐवजी दोन्ही पेट्यांना एकदम जागे करणारी छोटी जोडपट्टी वापरायची, म्हणजे एक झोपलेली आणि दुसरी जागी असा प्रसंग येत नाही. कोणत्याही पेटीवर तिच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांहून अधिक सतत भार नको. नागपूरच्या मे महिन्यात त्याहूनही कमीच बरा. दोन्ही पेट्या १६ अँपिअरच्या एकाच, अर्थिंग असलेल्या प्लगवर. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोघींची जमीन एक हवी. जोडपट्टी दोन्हीकडच्या काळ्या तारा एकत्र आणते ती याचसाठी. तसे नसेल, तर परतीचा प्रवाह माहितीच्या नाजूक तारेतून वाट काढू लागतो.

हे सारे करूनही पेटीच्या लोखंडाला हात लागला की झिणझिण्या येत. अखेर वायरमनला बोलावले. त्याने तपासून सांगितले, "सर, या प्लगले अर्थिंगच नाही जी. दोन दोन सप्लाय लावता अन् खाली जमीनच नाही, मंग कसं होईन?" अर्थिंग नसले की पेटीतल्या गाळणीच्या कपॅसिटरांमुळे तिचे लोखंड घरच्या विजेच्या सुमारे निम्म्या दाबावर तरंगत राहते. प्रवाह थोडा, म्हणून झिणझिण्यांवर निभावते. अंगणातल्या कोळसा-मिठाच्या खड्ड्यापर्यंत तार होती, पण मध्येच तुटलेली, आणि खड्डाही उन्हाने कोरडा ठणठणीत. त्याने तार जोडली आणि बजावले, "उन्हाळ्यात याले रोज पाणी पाजत जा."

सीताबर्डीलाही दोन टेकड्या आहेत. १८१७ च्या नोव्हेंबरातील लढाईत धाकटी टेकडी इंग्रजांच्या हातून गेली, तेव्हा तिच्यावरच्या तोफा थोरलीकडेच वळविल्या गेल्या. दोन ठाणी राखायची तर दोहोंमधला सांधा आधी राखावा लागतो, एवढा धडा आम्ही त्यातून घेतला.

आम्ही वर्गात परंपरा आणि नवता, बोली आणि प्रमाण अशा जोड्या लावतो व त्यांची बेरीज केली की बळ वाढेल, असे गृहीत धरतो. बेरीज धोक्याची असू शकते. दोन सामर्थ्ये एकत्र येण्यापूर्वी शून्य कोठे मानायचे, याविषयी त्यांचे एकमत लागते. आमच्या यंत्रापुरते ते शून्य आत्याचे वाचन होते. यंत्र दीर तर्हेचे दिवे लावते. परवा त्याने 'दिर' आणि 'दीर' यांत निवड करताना तिसराच 'धीर' वाचला. आत्या ऐकून हसली आणि म्हणाली, "पुढचे वाच, मग सांगते." पुढचे ऐकून तिने सांगितले की तो 'दीर'च, वाटणीत ज्याला विहीर मिळाली तो. तिला अक्षर दिसत नाही. घर मात्र दिसते.

आता काम असे चालते. यंत्र वाचते, आम्ही मोठ्याने म्हणतो आणि आत्या दुरुस्त करते. शंभरेक पाने अद्याप उरली आहेत. दप्तर आम्ही दुसऱ्या खोलीत ठेवले आहे. आणि सकाळी तुळशीला पाणी घालून झाले की आत्या भिंतीला धरून अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत जाते व उरलेला तांब्या त्या खड्ड्यात रिता करते.