बाबांचा सौदा

गावचा कापूस पांढरकवड्याच्या जिनात न्यायला स्वतःची गाडी हवी, हा बाबांचा जुना ध्यास. आईची पोत मोडली आणि आम्ही यवतमाळला जुना टाटा ४०७ बघायला गेलो. दुकानदाराने साडेचार लाख सांगितले. बाबांनी बॉनेटवर हात ठेवला.

"इंजिन गरम हाये. आमी याच्या आंधीच काऊन चालू केलं?"

मी, बी. ए.चा विद्यार्थी, शरमेने रस्त्याकडे पाहू लागलो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधीच आम्ही दारात हजर. थंड इंजिन चौथ्या सेल्फला लागले, धूर निळा. निळा धूर म्हणजे ऑईल जळते, हे कोणत्या क्रमिक पुस्तकात असते? मग पाटे, टायर, बँकेचे ना-हरकत पत्र. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागते. तोही खर्च बाबांनी वजा केला. तीन लाख साठ हजारांवर सौदा तुटला.

मागच्या फळीवर दोन पोरांची नावे रंगवलेली होती. मी सहज विचारले. "हप्ते थकले होते त्याचे," दुकानदार म्हणाला.

पांढरकवड्याच्या रस्त्याला लागेपर्यंत बाबा गप्प होते. मग म्हणाले, "राहू दे ते नावं. पेंटरले पैसे कायले द्याचे?"